ईदला किती दिवस?

गेल्या अंकात आम्ही मुलांच्या हातातील मोबाइलविषयी लिहिले होते. त्यावर एका वाचक भगिनीने विचारले आहे की, तुम्ही शिक्षक मंडळी यंत्रांवर इतका राग का धरता? राग नाही, बहेन. उलट या वेळी एका यंत्राची गोष्टच सांगतो. ती आमच्या माहेरच्या दुकानात घडली आणि तिच्यात सर्वांत मोठी चूक यंत्राची होती असे आम्हाला आजही वाटत नाही.

माहेर बार्शीचे. अब्बांनी सुरू केलेले कापडाचे दुकान आता भाईजान चालवतात. शर्टिंग-सुटिंगचे तागे, ड्रेस मटेरियल, कुर्त्याचे कापड, अलीकडे थोडे रेडिमेड. भाईजानचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, बी.कॉम. करून दोन वर्षे पुण्यात नोकरीला होता. तो गेल्या वर्षी परत आला आणि येताना एक नवे सॉफ्टवेअर घेऊन आला. बिले तर आधीपासून कॉम्प्युटरवरच होती. हे सॉफ्टवेअर ती सगळी बिले गोळा करते, त्यांचे आलेख काढते, विक्री वाढली तर हिरवा बाण आणि घटली तर लाल बाण दाखवते. याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात. त्यातही आता नवीन भर पडली आहे. खाली एक चौकट असते, तिच्यात साध्या भाषेत प्रश्न टाइप करायचा, की एआय उत्तर लिहून देते. कारण सांगते, सल्लाही देते. निर्णय तुमचा, पण मशवरा त्याचा, अशी ही व्यवस्था.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हा शब्द आम्हाला कालपरवाचा वाटत होता. शोधले तर तो चांगलाच जुना निघाला. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या माणसाने 1958 मध्ये याच नावाच्या यंत्रणेवर लेख लिहिला होता. त्याची कल्पना अशी की, संस्थेत येणारे कागद यंत्राने वाचावेत, त्यांचा सारांश काढावा आणि ज्याला ज्या माहितीची गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचवावी. कुणाला काय हवे आहे आणि कुणाला काय ठाऊक आहे, हे यंत्राने जोडून द्यावे. क्रेडिट कार्डाचा नंबर बरोबर टाइप झाला की नाही हे तपासण्याची रीतही याच लूनची. पण आमच्या भाईजानना त्याची आवडलेली गोष्ट वेगळीच. हा गृहस्थ मुळात कापडाच्या धंद्यातला होता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याने एक रेघांची पट्टी तयार केली. ती कापडावर ठेवली की इंचाला किती धागे आहेत हे नक्षीवरून कळते. भाईजान म्हणाले, “म्हणजे आपलाच माणूस!” त्या दिवसापासून सॉफ्टवेअरवरचा त्यांचा विश्वास जरा वाढला.

आता मूळ गोष्ट. मागच्या एप्रिलच्या सुरुवातीला, ईद होऊन चार दिवस झाले असतील, सॉफ्टवेअरने 2024-25 या आर्थिक वर्षाचा अहवाल दिला. सगळीकडे हिरवे बाण. भाच्याने चौकटीत विचारले, धंदा कसा आहे? उत्तर आले की मागणी जोमाने वाढते आहे, विस्ताराचा विचार करायला हरकत नाही. भाईजान खूश. शेजारचा गाळा रिकामा होताच. तो घ्यायचा, बँकेचे कर्ज काढायचे, अशी बोलणी जेवणाच्या दस्तरख्वानवर सुरू झाली. आम्हीही फोनवर मुबारकबाद दिली. कुणालाही काही विचारावेसे वाटले नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही माहेरी पोहोचलो तेव्हा घरातले वारे बदललेले होते. एप्रिलचा अहवाल आला होता. मागच्या एप्रिलच्या तुलनेत विक्री निम्म्याहून खाली. भला मोठा लाल बाण. चौकटीतले उत्तर तर अगदी शहाण्या माणसासारखे होते. मागणी घटली आहे, खर्च आवरावा, काउंटरवर माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत, एक माणूस कमी करता येईल. सोबत सेल्समनची यादी, विक्रीच्या उतरत्या क्रमाने. यादीत सर्वांत खाली नाव होते चाचांचे.

चाचा म्हणजे नात्याने आमचे कुणी नव्हेत. अब्बांच्या वेळेपासून दुकानात आहेत. आमच्या लग्नाचा जोडा त्यांनीच सोलापूरहून निवडून आणला होता. भाईजान दोन रात्री झोपले नव्हते. भाचा मात्र म्हणत होता, “फुप्पी, मलाही चाचा प्रिय आहेत. पण यात भावना नाहीत, आकडे आहेत.”

आम्ही गणित शिकवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण कॅलेंडर आम्हालाही वाचता येते. 2024 मध्ये रमजान ईद 11 एप्रिलला होती. 2025 मध्ये 31 मार्चला. म्हणजे मागच्या एप्रिलमध्ये शेवटच्या अशऱ्याची सगळी खरेदी आणि चांदरात होती, आणि या वर्षी 1 एप्रिल उजाडला तोच बासी ईद घेऊन. दुकानाला कुलूप होते. यंत्राने चांदरातीच्या गर्दीची तुलना बंद शटरशी केली आणि म्हणाले, मागणी घटली.

हे बोललो तशी भाच्याने कपाळावर हात मारला. मग कागद-पेन घेऊन बसला आणि थोड्या वेळाने जास्तच गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “फुप्पी, मग तो हिरवा बाणही खोटा!” खरेच होते. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि 31 मार्चला संपते. 2024-25 च्या पोटात 11 एप्रिल 2024 ची ईद होती आणि 31 मार्च 2025 ची ईदही होती. एकाच वर्षात दोन चांदराती! त्याच्या आधीच्या वर्षात एकच होती आणि चालू वर्षातही एकच येईल. त्या दोन चांदरातींच्या जोरावर भाईजान गाळा घ्यायला आणि कर्ज काढायला निघाले होते.

इथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. लाल बाण आला तेव्हा घरात वाद झाला, शंका घेतल्या गेल्या. हिरवा बाण आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी, फोनवरून आम्हीसुद्धा, मान डोलावली. दोन्ही बाण एकाच चुकीतून आले होते.

यंत्राला दोष किती द्यायचा? त्याला इंग्रजी महिने दिले होते, त्याने इंग्रजी महिने मोजले. हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, त्यामुळे आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. दिवाळीही मागेपुढे होते, पण अधिक मास तिला ओढून जागेवर आणतो. आपल्या ईदला असा कुणी ओढणारा नाही. ईदनंतर शव्वालमध्ये लग्ने निघतात, तीही तिच्यासोबत सरकतात. युरोप-अमेरिकेत ईस्टर सरकतो, चीनमध्ये नववर्ष सरकते. या सरकत्या सणांचा त्रास आकडेतज्ज्ञांना फार जुना आहे आणि त्यावर उपायही आहेत. 2017 मध्ये फेसबुकच्या दोघा संशोधकांनी विक्रीसारख्या गोष्टींचा अंदाज बांधणारे एक साधन सर्वांना मोफत खुले केले. त्यात सणांची यादी माणसाने स्वतः भरायची सोय आहे, मागच्या वर्षांच्या तारखा आणि पुढच्या वर्षांच्याही. त्यांनी लिहिलेच आहे की, या कामात जाणकार माणूस मधोमध असला पाहिजे. यंत्र मोजेल, पण काय मोजायचे हे तो सांगेल. भाईजानच्या सॉफ्टवेअरमध्येही स्वतःची तारखांची यादी जोडायची जागा होती. रिकामी होती, इतकेच.

ती यादी आणायची कुठून? तेव्हा अब्बांच्या वह्या आठवल्या.

माळ्यावरच्या पेटीत लाल कापडात बांधलेल्या रोजमेळाच्या वह्या. अब्बा रक्कम मराठी आकड्यांत लिहीत आणि पानाच्या डोक्यावर दोन तारखा टाकत, डावीकडे इंग्रजी महिन्याची आणि उजवीकडे उर्दूत हिजरी. रमजानमध्ये तर उजवीकडे तारीखही नसे, नुसते ‘इक्कीसवां रोजा’, ‘बाईसवां रोजा’. भाच्याला उर्दू वाचता येत नाही, तो इंग्रजी शाळेत शिकला. मग तीन दुपारी आम्ही वाचत गेलो आणि तो टाइप करत गेला. मधल्या एका वहीत 2000 साल सापडले. त्या एकाच इंग्रजी वर्षात रमजान ईद दोनदा आली होती, जानेवारीच्या सुरुवातीला आणि डिसेंबरच्या अखेरीस. अब्बांनी डिसेंबरच्या पानावर कडेला लिहून ठेवले होते की, या वर्षाच्या बेरजेवर जाऊ नये. आम्ही दोघे बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले.

अब्बा या वर्षीच्या एकविसाव्या रोजाची विक्री मागच्या वर्षीच्या एकविसाव्या रोजाशी ताडून पाहत. भाच्याने तेच केले. ‘ईदला किती दिवस’ असा एक रकाना तयार केला, त्यात सगळे दिवस बसवले आणि सॉफ्टवेअरला त्या रकान्यावरून तुलना करायला सांगितले. दोन मिनिटांत नवा आलेख आला. विक्री ना फार वाढली होती, ना फार घटली होती. दोन वर्षांच्या रेघा जवळजवळ एकावर एक बसल्या. अब्बांना हे काम करायला रमजाननंतरचा आख्खा आठवडा लागत असे. त्याबाबतीत यंत्राला सलाम.

आता चाचांच्या नावाचे. तो प्रश्न कॅलेंडरने सुटणारा नव्हता, कारण यादीत ते खरोखर तळाशी होते. यावर बोलणे चालू असताना भाभी चहा घेऊन आल्या. रमजानमध्ये त्या बायकांच्या काउंटरवर बसतात. त्यांनी सहज विचारले, “पण चाचांचं बिल बनवतं कोण?”

कुणी काही बोलेना. चाचांना कॉम्प्युटर येत नाही. ते गिऱ्हाइकाला बसवतात, पाणी देतात, तागे उलगडतात, पोत दाखवतात, कापड फाडून देतात आणि मग हाक मारतात, “बाळा, याचं बिल कर.” बाळ म्हणजे काउंटरवरचा मुलगा. तो स्वतःच्या पासवर्डने बिल करतो आणि विक्री त्याच्या नावावर चढते. यादीत तोच मुलगा पहिला होता! भाभींना हे कित्येक वर्षांपासून ठाऊक होते. भाईजाननाही ठाऊक होते, फक्त पडद्यावरची यादी पाहताना आठवले नाही. आणि भाभींना तोवर कुणी विचारलेच नव्हते.

यंत्रासमोर बसल्यावर माणूस स्वतःचेच ज्ञान विसरतो, हे आमच्या घरापुरते नाही. अमेरिकेत लिंडा स्किटका आणि कॅथलीन मोझियर या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात विमान चालवण्यासारखे काम लोकांना देऊन याचे प्रयोग केले. मदतीला यंत्र होते, ते बहुतेक वेळा बरोबर असे. जिथे यंत्राने इशारा दिला नाही तिथे लोकांच्याही नजरेतून गोष्ट सुटली, आणि जिथे यंत्राने चुकीचे सांगितले तिथे समोरची दुसरी उपकरणे वेगळे दाखवत असतानाही अनेकांनी यंत्राचेच ऐकले.

आम्ही भाच्याला हसू शकत नाही. आमच्या हातूनही हे झाले आहे. काही वर्षांपूर्वी शाळेत गुणांची पत्रके कॉम्प्युटरवर भरायला सुरुवात झाली. घटक चाचण्यांची सरासरी आपोआप निघे. आठवीतल्या एका मुलाची सरासरी इतकी खाली आली की आम्ही त्याला वर्गासमोर बोललो आणि त्याच्या वालिदांनाही बोलावून घेतले. ते बिचारे हात जोडून उभे राहिले. दोन दिवसांनी जुने हजेरीपत्रक चाळताना दिसले की पोराला टायफॉइड झाला होता आणि तो तीन चाचण्यांना नव्हताच. रिकाम्या रकान्यात कुणीतरी शून्य भरले होते. गैरहजर म्हणजे शून्य! दिलेल्या चाचण्यांत त्याचे गुण चांगले होते. हजेरीपत्रकावर त्याच्या नावापुढे सलग फुल्या आम्हीच मारल्या होत्या. आम्ही वर्गासमोर त्याची माफी मागितली, पण पुढे वर्षभर तो आमच्या तासाला मागच्या बाकावरच बसला.

सरासरीवरून आठवले. ऑस्ट्रेलियात 2016 पासून सरकारने हेच देशभर केले. तिथे गरजूंना सरकारी मदत मिळते आणि तिचा हिशेब दर पंधरवड्याच्या कमाईवर होतो. सरकारने आयकर खात्याकडून माणसाची वर्षाची कमाई घेतली, तिला 26 ने भागले आणि धरून चालले की त्याने प्रत्येक पंधरवड्यात इतकेच कमावले. ज्याने चार महिने काम केले आणि उरलेले महिने बेकारीत काढले, त्याच्या बेकारीच्या महिन्यांतही यंत्राने कमाई पाहिली. मग पत्र जाई की तुम्ही जास्त मदत उचललीत, परत करा. आधी असा फरक दिसला की एखादा कर्मचारी तपास करी, गरज पडल्यास मालकाकडे विचारणा करी. ती पायरीच काढून टाकली. खरे-खोटे सिद्ध करण्याचे ओझे मदत घेणाऱ्यावर आले, आणि त्याने कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणायच्या कुठून? लाखो लोकांना अशी पत्रे गेली. 2019 मध्ये ही पद्धत बेकायदा ठरली, 2020 मध्ये सरकारने सुमारे 72 कोटी डॉलर परत करण्याचे जाहीर केले आणि 2023 मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. ती योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. भागाकार कुठेच चुकला नव्हता. 26 ने भागले की तेवढेच उत्तर येते. ज्याला ‘या माणसाचे काम हंगामी दिसते’ असे म्हणता आले असते, त्या माणसाला खुर्चीवरून उठवले होते.

दुकानात पुढे काय झाले तेही सांगतो, कारण सगळेच काही भाईजानच्या बाजूने गेले नाही. तारखा नीट बसल्यावर भाच्याने प्रत्येक मालाची वेगळी रेघ काढली. सुटिंगच्या तागांची रेघ सात वर्षे खाली चालली होती, ईद धरा किंवा सोडा. ते तागे भाईजानचा अभिमान. मागच्या कपाटात ते ओळीने उभे असतात, त्यांचा वास आला की आम्हाला अब्बा आठवतात. सॉफ्टवेअरने त्यातले कोणते तागे दोन वर्षांत एकदाही उलगडले गेले नाहीत याची यादी दिली. भाईजान चिडले. म्हणाले, लोक शिवून घ्यायला परत येतील. चाचा मात्र हळूच म्हणाले, “नाही येणार. दर्जी राहिलेत किती?” यादीत सर्वांत खाली असलेला माणूस यंत्राच्या बाजूने उभा राहिला होता. तागे निम्म्या भावात काढायचे ठरले. गाळ्याचा बेत पुढे ढकलला. चाचांसाठी बिलात ‘माल कोणी दाखवला’ असा नवा रकाना आला. पहिल्या महिन्यात बिल करणारी मुले तो भरायला विसरत होती, आता भाभी रोज रात्री तपासतात. एप्रिल 2026 ची तुलना आता कशाशी करायची ते सॉफ्टवेअरला ठाऊक आहे. अजून ते कारणे सांगताना फार ठामपणे बोलते, ही त्याची खोड गेलेली नाही. भाचा त्याच्या प्रत्येक उत्तराखाली आता एक प्रश्न टाइप करतो, “हे तू कशावरून म्हणतोस?” पुष्कळदा त्यानंतर उत्तर बदलते.

परवा त्याचा फोन आला. पुढच्या रमजानच्या मालाची ऑर्डर आतापासून द्यायची आहे, म्हणून सॉफ्टवेअर 2026 च्या ईदची तारीख मागत होते. मार्चचा तिसरा आठवडा हे उघड आहे, पण नेमका दिवस? भाच्याने इंटरनेटवरची एक तारीख भरायला घेतली. शेजारी उभे असलेले चाचा म्हणाले, “मशीन को चांद दिखता क्या?” चांदरात म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रात्र. ती एक दिवस इकडची तिकडे झाली तर मुलांच्या कुर्त्यांचे गठ्ठे गोदामातून कधी काढायचे, रात्री किती माणसे थांबवायची, सगळेच बदलते. सॉफ्टवेअरला एकच तारीख चालते, दोन भरल्या की ते लाल अक्षरांत चूक दाखवते. भाच्याने बरीच खटपट केली आणि शेवटी दोन वेगळे तक्ते केले, एक 29 रोजांचा आणि एक 30 चा. कोणता उघडायचा ते त्या दिवशी मगरिबनंतर, गच्चीवरून खाली आल्यावर ठरेल.